मस्तान तलावाचं व्यासपीठ आणि आपली स्मरणशक्ती

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. लोकसभेच्या निवडणुकीनंतर जून २०२४ मध्ये शाळा उघडली तेव्हाची गोष्ट. नववीच्या वर्गात हजेरी घेऊन झाली होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, एक विचारू? माझे दादाजान म्हणतात, ब्याण्णव-त्र्याण्णवला ज्यांच्या नावानं आपण घाबरायचो, त्यांच्याच मशालीला या वेळी सगळ्या मोहल्ल्यानं मत दिलं. हे कसं काय?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. मी त्याला एवढंच सांगितलं की प्रश्न चांगला आहे, उत्तर मोठं आहे. त्या दिवशी पाठ्यपुस्तकातला धडा शिकवायचा होता, तो शिकवला. पण प्रश्न घरापर्यंत सोबत आला. हा लेख त्या मुलासाठी आहे, आणि त्याच्या दादाजानसाठीही.

आपल्याकडे या प्रश्नाची दोन तयार उत्तरं आहेत. एक म्हणजे, "शिवसेना बदलली." दुसरं म्हणजे, "मुसलमान हतबल झाले, म्हणून कुणाच्याही मागे गेले." ही दोन्ही उत्तरं फार तर मागच्या तीस वर्षांचा हिशेब मांडतात. मुंबईच्या राजकारणाचा हिशेब त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. तो नीट पाहिला तर कळतं की या शहरात पक्षांनी आपले विचार एकदाच बदललेले नाहीत. ते पुन्हा पुन्हा बदलले आहेत आणि प्रत्येक वेळी त्यामागे कारण होतं.

आधी एक साधी गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या कार्यकर्त्यांनाही कित्येकदा ठाऊक नसते. मुंबई महापालिका १८८८ च्या कायद्यावर चालते. या कायद्यात कारभाराची खरी सत्ता आयुक्ताकडे आहे आणि पैशाच्या मंजुरीची किल्ली स्थायी समितीकडे. महापौर हा मानाचा पदाधिकारी. पूर्वी तर त्याची मुदत फक्त एक वर्षाची असे. म्हणजे दर वर्षी नवी निवड आणि नवी बेरीज. सभागृहात कुणाला बहुमत नसेल तर छोट्या गटाचे पाच-दहा नगरसेवकही भारी पडत. वर्षभराच्या मानाच्या पदासाठी कुणाशीही हात मिळवायला फारशी किंमत मोजावी लागत नसे. मुंबईतल्या अनेक अजब युत्यांचं मूळ या रचनेत आहे. विचारसरणी सभेत आणि बेरीज सभागृहात, अशी ही वाटणी होती.

आता थोडं मागे जाऊ. १९४२ मध्ये या शहराचा महापौर युसूफ मेहेरअली झाला. तो काँग्रेसमधल्या समाजवादी गटाचा होता. 'छोडो भारत' ही घोषणा त्याच्या नावावर आहे. त्याच काळात याच शहरात बॅरिस्टर जिना राहत होते आणि मुस्लिम लीगचं वजन वाढत होतं. म्हणजे 'मुंबईचा मुसलमान' असा एकच गट तेव्हाही नव्हता. मेमन, खोजा, बोहरा व्यापारी होते. मदनपुऱ्यात उत्तरेकडून आलेले मोमीन-अन्सारी विणकर होते. आमच्यासारखे कोकणी मुसलमान होते, कुणी बोटीवर, कुणी गोदीत, कुणी गिरणीत. व्यापाऱ्याचं राजकारण वेगळं, विणकराचं वेगळं. मदनपुऱ्यात कम्युनिस्टांचं काम होतं. कैफी आझमींनी तिथल्या कामगारांमध्ये काम केलेलं आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आज 'मुस्लिम व्होट बँक' हा शब्द असा वापरला जातो, जणू सगळ्यांचं एकाच खिडकीत खातं आहे.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एरवी एकमेकांशी न पटणारे लोक एकाच मागणीसाठी एकत्र आले. या चळवळीचा बुलंद आवाज कुणाचा होता? बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेल यांचा. महाराष्ट्र त्यांना शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांच्या जोडीनं त्यांनी लाल बावटा कलापथकातून गिरणगाव जागा ठेवला. १९५८ मध्ये समितीच्या जोरावर कॉ. मिरजकर हे कम्युनिस्ट नेते मुंबईचे महापौर झाले. आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

माझे अब्बा १९६० च्या सुमारास रायगड जिल्ह्यातून (तेव्हाचा कुलाबा) मुंबईत आले आणि भायखळ्याजवळच्या एका गिरणीत साच्यावर लागले. ते सांगायचे, "आम्ही अमर शेखला ऐकायला जायचो, तेव्हा कोण कुठल्या धर्माचा हे विचारायची पद्धतच नव्हती. कुठल्या खात्यात आहेस, एवढंच विचारायचे." अब्बांना जुन्या दिवसांचं थोडं जास्तच कौतुक होतं, हे मी मान्य करतो. पद्धत अगदीच नव्हती असं नाही. पण त्या मागणीत आपणही धरले गेलो आहोत, ही भावना खरी होती. 'मराठी' या शब्दात तेव्हा आमच्यासाठी जागा होती.

१ मे १९६० रोजी मागणी पूर्ण झाली आणि समितीला जोडणारा धागाही सुटला. पक्ष आपापल्या वाटेनं गेले. भाषेचं राज्य मिळालं, पण गिरणीबाहेरच्या मराठी तरुणाला नोकरी मिळेना. ही पोकळी 'मार्मिक'नं ओळखली आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. तिचं पहिलं लक्ष्य मुसलमान नव्हते. कचेऱ्यांमधले दक्षिण भारतीय कारकून आणि गिरणगावातले कम्युनिस्ट हे तिचे दोन शत्रू होते. कम्युनिस्टांचा जोर मोडायला एक नवी संघटना मिळते आहे, याचं सत्ताधारी काँग्रेसमधल्या एका गटाला वाईट वाटत नव्हतं. पहिल्या दसरा मेळाव्याच्या व्यासपीठावर काँग्रेसचे रामराव आदिक होते. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यावरून विरोधक सेनेला 'वसंतसेना' म्हणत.

१९६८ मध्ये सेना पहिल्यांदा महापालिकेची निवडणूक लढली. १४० पैकी ४२ जागा तिला मिळाल्या. आणि तिचा साथीदार कोण होता? प्रजासमाजवादी पक्ष. म्हणजे युसूफ मेहेरअलीच्या परंपरेतला एक गट. दोन वर्षांनी, ५ जून १९७० रोजी लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्यांच्या जागेवरच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक यांनी देसाईंच्या पत्नीचा पराभव केला. सेनेचा तो पहिला आमदार. गिरणगावाचा लाल रंग भगवा होऊ लागला तो इथून.

त्याच १९७० च्या मे महिन्यात भिवंडी पेटली. पाठोपाठ जळगाव, महाड. त्याची चौकशी न्यायमूर्ती मदान आयोगानं केली. भिवंडीतल्या वातावरणाच्या त्या चर्चेत शिवसेनेचंही नाव होतं. म्हणजे मुसलमानांशी सेनेचं वैर १९८५ नंतर जन्मलं, असं कुणी म्हणत असेल तर तेही पुरतं खरं नाही. ते आधीही होतं, फक्त गाडीच्या मागच्या डब्यात होतं. इंजिन मराठीचं होतं.

आता मस्तान तलावाकडे येतो.

१९७३ मध्ये महापालिकेत पुन्हा कुणालाच स्पष्ट बहुमत नव्हतं. शिवसेनेचे सुधीर जोशी महापौर झाले आणि त्यांना मतं देणाऱ्यांत मुस्लिम लीगचे नगरसेवक होते! भिवंडीला तीनच वर्षं झाली होती. लीगचे तेव्हाचे मुंबईतले मोठे नेते गुलाम महमूद बनातवाला, महाराष्ट्र विधानसभेचे आमदार. पुढे ते केरळातल्या पोन्नानीतून अनेकदा खासदार झाले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नागपाड्याच्या मस्तान तलाव मैदानावर बाळासाहेब ठाकरे आणि बनातवाला एकाच व्यासपीठावर दिसले. आमच्या मोहल्ल्यातले म्हातारे त्या सभेची आठवण अजून काढतात. कुणी अभिमानानं, कुणी मान हलवत.

लीगनं हे का केलं असेल? केरळात लीग १९६७ मध्ये कम्युनिस्टांच्या मंत्रिमंडळात बसली होती आणि नंतर काँग्रेसच्या सोबत. छोट्या पक्षाला मोठ्यांच्या भांडणातच किंमत येते, हे गणित तिनं तिथे शिकलं होतं. मुंबईत काँग्रेस मुसलमानांची मतं गृहीत धरत होती. "आम्ही दुसरीकडेही जाऊ शकतो", हे दाखवण्याचा तो मार्ग होता. हिशेब म्हणून तो चुकीचा नव्हता. पण त्यातून मोहल्ल्याला काय मिळालं? नळाला पाणी जास्त आलं का? महापालिकेच्या उर्दू शाळांची छपरं दुरुस्त झाली का? मी बऱ्याच बुजुर्गांना विचारलं. सभा सगळ्यांना आठवते. काम कुणालाच आठवत नाही.

पुढची वर्षं आणखी गुंतागुंतीची आहेत. १९७५ ची आणीबाणी आली, शिवसेनेनं तिला पाठिंबा दिला. १९७७ मध्ये काँग्रेसचे मुरली देवरा महापौर झाले ते सेनेच्या मदतीनं. जनता लाटेनंतर १९७८ मध्ये महापालिकेत सेना १९६८ च्या जवळपास निम्म्यावर आली. १९८० च्या विधानसभा निवडणुकीत तिनं स्वतः न लढता काँग्रेसला साथ दिली. त्या निवडणुकीनंतर मुख्यमंत्री कोण झाले? आमच्याच जिल्ह्यातल्या आंबेतचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले. महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुसलमान मुख्यमंत्री आणि ठाकऱ्यांचे दोस्त. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते त्यांच्या काळात. भवानी तलवार इंग्लंडहून परत आणण्याची घोषणाही त्यांचीच. आमच्या घरात त्या दिवसांत अंतुलेंचा फोटो होता. अब्बा म्हणायचे, "बघ, कोकणातला मुसलमान शिवाजी महाराजांचं नाव घेतो आणि कुणाला अडचण नाही." दीड वर्षात, जानेवारी १९८२ मध्ये, सिमेंटच्या प्रकरणावरून अंतुले गेले.

आणि त्याच जानेवारीच्या १८ तारखेला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले. अब्बाही त्यात होते. मी तेव्हा मांडीवरचा होतो, त्यामुळे मला त्यातलं काही आठवत नाही. अम्मीला मात्र आठवतं. बांगड्या विकल्या ते, गावाहून तांदूळ यायचा ते. संप कधी मागे घेतला गेला नाही, तो विरून गेला. अब्बांना गिरणीत पुन्हा काम मिळालं नाही.

माझ्या मते, मुंबईच्या राजकारणाचा खरा सांधा इथे बदलला. गिरणी ही अशी जागा होती जिथे मालवणी, घाटी, भय्या, मोमीन, कोकणी मुसलमान सगळे एकाच भोंग्यावर आत जात. खात्याखात्यात भेदही होते, हे खरं. विणकाम खात्यात दलितांना घेत नसत, कारण धागा तोंडानं ओढावा लागे. पण मालकासमोर उभं राहताना सगळे 'कामगार' होत. गिरणी गेली तेव्हा ही ओळखही गेली. रिकामा झालेला माणूस दुसरी ओळख शोधतो. कॉम्रेड डांगे यांच्यासारखा गिरणी कामगारांचा नेता १९८४ मध्ये शिवसेनेच्या अधिवेशनात पाहुणा म्हणून गेला, यातच काय ते आलं.

१९८४ च्या मे महिन्यात भिवंडी आणि मुंबईत पुन्हा दंगल झाली. वर्षअखेरच्या लोकसभा निवडणुकीत सेनेचे दोन उमेदवार भाजपच्या चिन्हावर उभे होते. पण नीट पाहा, १९८५ ची महापालिका सेनेनं ७४ जागा घेऊन जिंकली ती हिंदुत्वावर नाही. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा डाव आहे, अशी शंका खुद्द वसंतदादा पाटील यांनी बोलून दाखवली आणि मराठी मतदार सेनेमागे उभा राहिला. छगन भुजबळ महापौर झाले. मुंबई जिंकायला मराठी पुरेशी होती. मुंबईबाहेर, जिथे सगळेच मराठी, तिथे हा मुद्दा चालणार कसा? तिथे दुसरा मुद्दा हवा होता. शहाबानो प्रकरण आणि अयोध्येचं कुलूप यांनी तो तयार करून ठेवला होता. डिसेंबर १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक सेनेनं उघडपणे धर्माच्या नावानं लढवली. पुढे न्यायालयानं त्या प्रचारावरून ती निवड रद्द ठरवली आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. पण तोवर गाडी पुढे निघून गेली होती. १९८८ मध्ये औरंगाबाद महापालिकेत सेना सर्वांत मोठा पक्ष झाली, १९८९ मध्ये भाजपशी युती झाली. मागचा डबा इंजिन झाला.

आपल्या बाजूला त्या काळात काय चाललं होतं? लीग विरत चालली होती. हाजी मस्ताननं जोगेंद्र कवाडे यांच्यासोबत दलित-मुस्लिम एकजुटीचा पक्ष काढला. कल्पना चांगली होती, पण ज्याच्या नावावर तस्करी आहे तो समाजाचा चेहरा म्हणून पुढे येतो आणि आपण त्याला येऊ देतो, याची लाज आपल्याला वाटायला हवी होती. काँग्रेस तेव्हाही आपल्याला गृहीत धरत होती, आणि आपण तेव्हाही तक्रार करत तिलाच मत देत होतो.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ बद्दल मी इथे फार लिहिणार नाही. श्रीकृष्ण आयोगानं मृतांचा आकडा ९०० दिला आहे. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ ज्यांची ओळख पटली नाही असे आणि ५ इतर. पुढे १२ मार्चच्या स्फोटांत २५७ माणसं गेली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आम्ही दोन महिने मुंब्र्याला खालाजानकडे राहिलो. चाळीतल्या खोलीची किल्ली शेजारच्या काकूंकडे होती. आम्ही परतलो तेव्हा खोली झाडलेली होती आणि पिंप भरलेलं होतं. तरीही अब्बांनी वर्षभरात खोली विकली आणि आम्ही 'आपल्या लोकांत' राहायला गेलो. काकू रडल्या, अम्मी रडली. हजारो घरांनी हेच केलं. शहराचा नकाशा बदलला, आणि मतदारसंघाचं गणितही. मोहल्ला दाट झाला की उमेदवाराला फक्त मोहल्ल्याशी बोललं तरी पुरतं, आणि समोरच्याला फक्त मोहल्ल्याविरुद्ध.

१९९५ मध्ये युतीचं सरकार आलं. त्यात कामगारमंत्री होते साबीर शेख, जुने शिवसैनिक आणि शिवचरित्राचे अभ्यासक. हा माणूस आपल्यातल्या बहुतेकांना समजलाच नाही. कुणी त्याला गद्दार म्हटलं, कुणी शोभेची वस्तू. मला वाटतं, तो त्या जुन्या 'मराठी'त अडकलेला माणूस होता, जिच्यात माझे अब्बाही एकदा उभे होते.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. समाजवादी पक्ष, मग २०१४ मध्ये भायखळ्यात एमआयएम. २०१७ च्या महापालिकेत शिवसेना ८४ आणि भाजप ८२. भांडण आता भावाभावांत लागलं होतं. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या साथीनं मुख्यमंत्री झाले. जून २०२२ मध्ये पक्ष फुटला. २९ जूनच्या शेवटच्या मंत्रिमंडळ बैठकीत औरंगाबादच्या नामांतराला मंजुरी दिली गेली आणि त्याच रात्री राजीनामा. हे मी त्या मुलाला मुद्दाम सांगेन, कारण 'सेना बदलली' म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात राहत नाही. आणि हेही सांगेन की २०२४ मध्ये वर्सोव्यातून हारून खान हे मशाल चिन्हावर आमदार झाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तर मग त्या प्रश्नाचं उत्तर काय?

बाळा, तुझ्या मोहल्ल्यानं मशालीला मत दिलं ते कुणाच्या प्रेमात पडून नाही. समोर जास्त भीती वाटणारा एक पक्ष होता, म्हणून दिलं. १९७३ मध्ये लीगनं काँग्रेसला धडा शिकवायला सेनेला मत दिलं, २०२४ मध्ये मोहल्ल्यानं भाजपला रोखायला. दोन्ही वेळा आपण कुणाविरुद्ध आहोत हे ठरलेलं होतं. आपल्याला काय हवं, हे मात्र आपण कागदावर लिहून दिलं नाही. पक्ष विचार बदलतात, गट फुटतात, शत्रू मित्र होतात. या शहरात ते नेहमीच होत आलं आहे आणि त्यात हरामखोरीच असते असं नाही. गिरणी बंद पडली की राजकारणही बदलतं. प्रश्न एवढाच, की बदलाच्या वेळी आपण सौद्यात बसलेलो असतो की सौद्याची वस्तू असतो.

अमर शेख गात होते तेव्हा आपण मागणीचा भाग होतो. मस्तान तलावावर आपण बेरजेचा भाग झालो. त्यानंतर बराच काळ आपण भीतीचा भाग आहोत. मला मागणीकडे परत जायचं आहे. आमच्या वॉर्डात उर्दू शाळेत मराठीचा शिक्षक पुरेसा नाही, दवाखान्यात रात्री डॉक्टर नसतो, पावसात गल्ली तुंबते. यातला एकही प्रश्न फक्त मुसलमानांचा नाही. पलीकडच्या चाळीतल्या काकूंचाही तोच आहे. उमेदवार कुठल्याही झेंड्याचा येवो, आधी हा कागद त्याच्या हातात द्यायला हवा आणि पाच वर्षांनी तोच कागद पुन्हा काढायला हवा.

मी नववीच्या वर्गाला एक गृहपाठ दिला आहे. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारायचं, तुम्ही पहिलं मत कुणाला दिलं आणि का दिलं, आणि ते मराठीत लिहून आणायचं. वह्या येऊ लागल्या आहेत. एका आजीनं लिहवून घेतलंय की तिनं पहिलं मत नवऱ्यानं सांगितलं त्याला दिलं, दुसरं नळ आणून देईल त्याला. पक्षाचं नाव तिला आठवत नाही. नळ अजून आहे, म्हणते.